मडेराचं जिरेनियम : बे एरियातल्या सावलीच्या बागेसाठी हिवाळ्यापूर्वीची कामं

ऑक्टोबर संपत आला की बे एरियात, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, पहिल्या पावसाचे वेध लागतात. ज्यांच्या बागेत झाडाखाली ‘जिरेनियम मडेरेन्स’ आहे किंवा लावायचा विचार आहे, त्यांनी पुढची कामं थंडी पडायच्या आत उरकून घ्यावीत. महाराष्ट्रात सुगंधी तेलासाठी ज्याची शेती होते, ते जिरेनियम म्हणजे खरं तर पेलार्गोनियम. हे मात्र अटलांटिक महासागरातल्या मडेरा बेटावरचं अस्सल जिरेनियम आहे आणि जिरेनियमच्या मोठ्या जातींपैकी एक. फुलोऱ्यासकट ते सहज चार-पाच फूट होतं.

हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं. बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वसंतात गुलाबी-किरमिजी फुलांचा भला मोठा घोस येतो, बी धरतं आणि झाड वाळतं. म्हणजे मधल्या हिवाळ्यांत शेंडा गोठला, तर एवढ्या दिवसांची मेहनत वाया. पानं गेली तर नवी येतात. शेंडा एकच असतो.

म्हणून जागा निवडताना पहिला विचार थंडीचा करा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण वाचतो. तिथलं कारण इथेही लागू आहे: निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि थंड हवा साचणारी खोलगट जागा. सदाहरित झाडाच्या फांद्या वर असतील, तर जमिनीतली ऊब रात्री तितकीशी उडून जात नाही. सावलीचा हा खरा फायदा. पण सावली उजेडाची हवी; गर्द काळोखात पानं छान वाढतात, फुलोरा मात्र दुबळा येतो. कोस्ट लाइव्ह ओक या इथल्या सदाहरित वृक्षाच्या बुंध्याशी हे लावू नका. या ओकला उन्हाळ्यात मुळाशी पाणी दिलेलं सोसत नाही आणि जिरेनियमला ते द्यावं लागतं.

सॅन फ्रान्सिस्कोत समुद्राजवळ राहणाऱ्यांना फारशी चिंता नाही. लिव्हरमोरसारख्या आतल्या भागात मात्र डिसेंबर-जानेवारीत पारा ३२ फॅरनहाइटच्या (शून्य सेल्सिअस) खाली जातो. तसा अंदाज दिसला की दुपारीच माती ओली करा. ओली माती ऊब जास्त धरते. संध्याकाळी काठ्या रोवून त्यावर फ्रॉस्ट क्लॉथ (झाडांना थंडीपासून वाचवणारं हलकं कापड) जमिनीपर्यंत सोडा आणि सकाळी ऊन आलं की काढा. प्लास्टिक वापरू नका, ते पानाला टेकतं तिथे पान करपतं. आता नत्राचं खतही देऊ नका. कोवळी फूट सर्वांत आधी गोठते.

आता जुन्या पानांविषयी, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. खालची पानं वाळली की त्यांचे लांब, तांबूस देठ खाली वाकून जमिनीला टेकतात. बघायला पसारा वाटतो आणि हात कात्रीकडे जातो. पण जड डोक्याच्या या झाडाला तेच देठ चहूबाजूंनी टेकू देऊन उभं ठेवतात. ते छाटले की पहिल्याच वादळी पावसात झाड आडवं होतं. वाळलेलं पान हवं तर काढा, देठ राहू द्या. थंडीने करपलेली पानंही कडाका संपेपर्यंत तशीच ठेवा, आतल्या शेंड्याला तेवढाच आडोसा.

पाऊस सुरू झाला की गोगलगाई लहान रोपांवर तुटून पडतात. रात्री बॅटरी घेऊन वेचा, नाहीतर आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या विखरा. निचरा नसलेल्या चिकणमातीत कंपोस्ट घालून वाफा थोडा उंच करा.

पूर्वी झाड फुलून गेलं असेल, तर त्याच्या आसपास पावसानंतर रोपांची दाटी होईल. दर तीन फुटांवर एक ठेवा. बाकीची दोन-चार पानांवर असतानाच कुंडीत हलवा, कारण मोठ्या रोपाला मुळं दुखावलेली चालत नाहीत. दरवर्षी थोडी नवी रोपं धरलीत तर कुठल्याच वसंतात वाफा फुलांवाचून राहणार नाही. कडक थंडीच्या भागात यातली एक-दोन रोपं मोठ्या कुंडीतच वाढवा आणि गोठवणाऱ्या रात्री गॅरेजमध्ये घ्या.