ब्लॉकचेनच्या टोकनमध्ये पैसे घालण्यापूर्वी काय तपासावे?

एखाद्या ब्लॉकचेनचे (अनेक संगणकांच्या जाळ्यावर राखलेल्या व्यवहारांच्या नोंदवहीचे) टोकन, म्हणजे तिचे डिजिटल नाणे, घ्यायचे की नाही हे ठरवताना दोन प्रश्न कटाक्षाने वेगळे ठेवावेत : वापर वाढल्यास ते जाळे भार पेलू शकेल का, आणि पेलले तर टोकनधारकाच्या पदरात काही पडेल का. जाहिरातींमध्ये पहिल्याचे उत्तर ‘हो’ असले की दुसऱ्याचेही तेच असणार, असे गृहीत धरलेले असते. फसगत बहुधा तिथेच होते.

प्रथम वेगाच्या आकड्यांकडे पाहावे. बिटकॉइनमध्ये साधारण दर १० मिनिटांनी एक ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) तयार होतो आणि सेकंदाला जेमतेम ७ व्यवहार होतात. ही मर्यादा जाणीवपूर्वक राखलेली आहे, कारण ब्लॉक फार मोठे केल्यास संपूर्ण नोंदवही घरच्या संगणकावर पडताळणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. याच वादातून १ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइन कॅश हे जाळे वेगळे झाले. म्हणून कोणी सेकंदाला हजारो व्यवहारांचा दावा केला, तर त्यासाठी कशावर पाणी सोडले आहे, हे आधी विचारावे. उदाहरणार्थ, सोलाना या ब्लॉकचेनच्या व्यवहारसंख्येत पडताळणी करणाऱ्या संगणकांची मतेही मोजली जातात. ती वगळून उरणारा आकडाच वापराचा खरा अंदाज देतो आणि तो एक्सप्लोररवर (साखळीवरील व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) पाहता येतो. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी हेच जाळे सुमारे पाच तास बंद पडले होते, हेही वेगाच्या हिशेबात धरले पाहिजे.

इथेरियम या ब्लॉकचेनने दुसरा मार्ग धरला. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस यांसारखी रोलअप जाळी व्यवहार बाहेर पार पाडतात आणि त्यांची आवळलेली माहिती इथेरियमच्या मूळ साखळीवर नोंदवतात. १३ मार्च २०२४ च्या डेनकुन सुधारणेने या माहितीसाठी ‘ब्लॉब’ ही स्वतंत्र, स्वस्त जागा दिली आणि अनेक रोलअपवरील शुल्क एकदम खाली आले. भार पेलता येतो, हे माझ्या मते यातून पुरेसे सिद्ध झाले आहे. मात्र रोलअप निवडताना व्यवहारांचा क्रम एकच कंपनी लावते का, ती नियम परस्पर बदलू शकते का आणि तिने अडवणूक केल्यास आपले पैसे मूळ साखळीवर परत नेता येतात का, हे एलटूबीट या संकेतस्थळावर पाहावे. तिथे रोलअपना शून्य ते दोन अशी पायरी दिलेली असते; पायरी जितकी वरची, तितके कंपनीवर विसंबणे कमी.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ऑगस्ट २०२१ पासून इथेरियमवरील मूळ शुल्क कायमचे नष्ट केले जाते, आणि सप्टेंबर २०२२ नंतर काही काळ इथरचा (इथेरियमच्या टोकनचा) एकूण पुरवठा घटतही होता. डेनकुननंतर रोलअप मूळ साखळीला फारच थोडे शुल्क देऊ लागले, नष्ट होणारे इथर कमी झाले आणि पुरवठा पुन्हा वाढू लागला. वापरणाऱ्याला जे स्वस्त पडले, तेच धारकाच्या दृष्टीने उत्पन्न घटवणारे ठरले. आर्बिट्रमवर शुल्क इथरमध्येच भरावे लागते. त्याच्या स्वतःच्या टोकनने मुख्यतः कारभारात मत देण्याचा हक्क मिळतो. त्यातच १६ मार्च २०२४ रोजी संस्थापक गट आणि गुंतवणूकदारांसाठी राखलेली सुमारे १.१ अब्ज टोकन एकाच दिवशी विक्रीस मोकळी झाली. त्यामुळे शुल्क कोणाकडे जाते आणि राखीव टोकन केव्हा मोकळी होणार, या दोन गोष्टी प्रकल्पाच्या कागदपत्रांत सापडल्याशिवाय खरेदी करू नये. चलनात असलेल्या टोकनांचे मूल्य आणि सर्व टोकन धरून येणारे मूल्य यांत मोठी तफावत असेल, तर मी त्यापासून दूर राहण्याचाच सल्ला देईन.

भारतात राहणाऱ्याने कराचा हिशेबही आधीच मांडावा. नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर उपकर लागतो, तर विक्रीच्या रकमेतून साधारणपणे १ टक्का टीडीएस कापला जातो. एका टोकनमध्ये १ लाख रुपये नफा आणि दुसऱ्यात तेवढाच तोटा झाला, तरी तोटा वजा करता येत नसल्याने हाती काहीही न उरता ३१,२०० रुपये कर भरावा लागतो. चार वेगवेगळ्या टोकनांत पैसे विभागून जोखीम कमी करण्याचा नेहमीचा उपाय त्यामुळे इथे महागात पडू शकतो.