मुलांना वास्को-द-गामा शिकवायचाय? आधी वारा शिकवा

सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या पाच-सहा मुलांना मी वास्को-द-गामा शिकवला, पुस्तकात त्याच्यावर दोनच ओळी असतात आणि मुलं 1498 पाठ करून मोकळी होतात, म्हणून म्हटलं जरा नीट करूया.

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून जगाचा मोठा नकाशा आणा आणि जमिनीवर पसरा. लोकरीचा धागा घेऊन पोर्तुगालमधल्या लिस्बनपासून (तो निघाला 8 जुलै 1497 ला) आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून मालिंदीपर्यंत (आजच्या केनियातलं बंदर) आणि तिथून कालिकतपर्यंत (केरळमधलं कोझिकोड) मुलांनाच लावू द्या. निघताना चार जहाजं होती हेही सांगा.

आता खरी गंमत. मालिंदी ते कालिकत यायला त्याला साधारण 23 दिवस लागले, कारण एप्रिल-मे मधे वारा आपल्याकडे वहायला लागतो आणि मालिंदीहून वाट माहीत असलेला वाटाड्या सोबत होता. परत जाताना तेच पाणी ओलांडायला जवळजवळ तीन महिने!! हे तोंडी सांगून कळत नाही, करून दाखवा. टबात पाणी घ्या, थर्माकोलच्या तुकड्यात काडी खोचून कागदाचं शीड लावा आणि पुठ्ठ्याने वारा घाला (टेबल फॅन पाण्याजवळ अजिबात नको). मग होडी वाऱ्याच्या उलट न्यायला सांगा. आमच्याकडची सात वर्षांची मुलगी बराच वेळ फुंकत बसली आणि मग म्हणाली, "काकू, तो वारा फिरेपर्यंत थांबला का नाही?" अगदी हाच प्रश्न यायला हवा. कालिकतच्या राजाशी, म्हणजे झामोरिनशी, बिनसलं होतं म्हणून तो ऑगस्टअखेरच तिथून निघाला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून आफ्रिकेकडे, तेव्हा परतीचा, म्हणजे आपल्याकडून आफ्रिकेकडे वाहणारा, वारा अजून नीट सुरू व्हायचा होता. आपले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत का थांबतात ते इथेच सांगून टाका, चटकन जोडलं जातं.

त्या तीन महिन्यांत ताजी फळं-भाज्या नाहीत, म्हणून स्कर्व्ही (व्हिटॅमिन सी न मिळाल्याने होणारा आजार) झाला, हिरड्या सुजल्या आणि बरेच खलाशी गेले. मालिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मागवली होती. मुलांच्या हातात आवळ्याची फोड द्या आणि हे सांगा, व्हिटॅमिन सी वेगळं शिकवावं लागत नाही.

झामोरिनच्या दरबाराचं छोटं नाटक पण करा. गामाने भेट म्हणून कापड, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुवायची भांडी, साखर, तेल, मध असं आणलं होतं आणि तिथले व्यापारी हसले, कारण राजाला सोनं द्यायची पद्धत.

एक मात्र कृपा करून टाळा, "त्याने भारत शोधला" असं म्हणू नका. अरब आणि गुजराती व्यापारी शेकडो वर्षं याच वाऱ्यांवर ये-जा करत होते, त्याने युरोपातून थेट समुद्रमार्ग गाठला, एवढंच म्हणा. आणि दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलांना 1502 ची सफर पण सांगा, त्यात त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं. मला हे लपवणं पटत नाही, मुलं शांतपणे ऐकतात आणि नंतर बरंच काही विचारतात.

जूनमधे पाऊस आला की एकदा त्यांना वेताळ टेकडीवर न्या, हातात लांब रिबन द्या आणि ती कुठल्या दिशेला उडते ते बघायला सांगा, मग विचारा की या वाऱ्यावर मालिंदीहून निघालेलं जहाज कुठे पोचेल.