मँडोलिन शिकायला बसण्याआधी: पुस्तकं, व्हिडिओ आणि बाकीची जमवाजमव

पुस्तक मागवण्याआधी वाजवायचं काय आहे ते ठरवा. जुन्या हिंदी गाण्यांतले तुकडे वाजवायचे असतील तर ब्लूग्रासचं (अमेरिकी लोकसंगीताचा एक प्रकार) जाडजूड पुस्तक घरात नुसतं पडून राहील, आणि त्यातला दादा मँडोलिनवादक बिल मन्रो याच्या वाटेने जायचं असेल तर सरगमची वही तोकडी पडेल. कर्नाटक संगीत मँडोलिनवर वाजवणारे यू. श्रीनिवास ऐकून वेड लागलं असेल तर आणखी एक बघा: त्यांचं वाद्य विजेवरचं, एकेरी तारांचं होतं. दुकानात साधारणपणे मिळतं ते आठ तारांचं, चार जोड्यांचं. त्यांची बोटं बघून नक्कल करायला गेलात तर स्वर जागेवर सापडणार नाहीत. ऐकण्यासाठी मात्र ते हवेतच, आणि सोबत संगीतकार सज्जाद हुसेन यांनी मँडोलिनवर वाजवलेले रागही.

जे काही साहित्य हाती येईल त्याचं पहिलं पान उघडून जुळवणी तपासा. जाड तारेपासून जी, डी, ए, ई असंच लिहिलेलं हवं. नेटवर चार रेघांची टॅब (प्रत्येक तारेला एक रेघ आणि तिच्यावर पडद्यांचे आकडे) दिसली की लोक हुरळून डाऊनलोड करतात आणि ती निघते युकुलेलेची, म्हणजे छोट्या गिटारसारख्या चार तारांच्या वाद्याची. तिथली जुळवणी वेगळी, म्हणजे सगळे आकडे फुकट. व्हायोलिनची जुळवणी मात्र अगदी हीच आहे. कपाटात कुणाचं व्हायोलिनचं प्राथमिक पुस्तक धूळ खात असेल तर ते झटकून घ्या. गजाच्या खुणा सोडून द्या, स्वर तेच.

हार्मोनियम किंवा बासरी थोडीफार झाली असेल तर नवीन लिपी शिकण्याची घाई कशाला? सरगम लिहिलेली कुठलीही अलंकारांची वही चालते. सर्वांत जाड जोडी मोकळी छेडली की सा, दुसऱ्या पडद्यावर (दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म. पुढची जोडी मोकळी म्हणजे प, आणि तिथेही पुन्हा दोन, चार, पाच: ध, नी, वरचा सा. कोमल रे आणि ध पहिल्या पडद्यावर, कोमल ग आणि नी तिसऱ्यावर, तीव्र म सहाव्यावर. तानपुऱ्याचं ॲप पांढरी पाचवर लावा आणि बसा. एक जोडी पुढे सरकून सा धरलात तर पट्टी होते पांढरी दोन, बोटं मात्र जशीच्या तशी. ही सोय गिटारवर नाही, म्हणून गिटारची पुस्तकं इथे उसनी आणू नका.

कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले स्वर, वाजवायच्या असतील तर पुस्तक कुठल्या कॉर्डने सुरू होतं ते बघा. जाड तारेकडून ०-०-२-३ (आकडा पडद्याचा, शून्य म्हणजे मोकळी तार) अशी जी आणि ०-२-३-० अशी सी आधी देणारा लेखक नवख्याचा विचार करतो. पहिल्याच धड्यात ७-५-२-३ ची जी देणाऱ्याला खुशाल बाजूला ठेवा. बोटांचा तो ताण सहा महिन्यांनी बघू.

व्हिडिओ एकाच माणसाचे निवडा. कॅमेरा दोन्ही हातांवर हवा, नखी खाली केव्हा आणि वर केव्हा हे स्पष्ट दिसायला हवं. मँडोलिनचा स्वर चटकन विरतो, म्हणून लांब स्वरांना ट्रेमोलो, म्हणजे एकाच स्वरावर नखीचे भराभर खाली-वर आघात, लागतो. पण खाली-वर आघात एकसारखे होण्याआधीच ट्रेमोलोला हात घालणारी मालिका टाळा. वेग निम्म्यावर आणून बघता येतं, ती सोय वापरा. पुस्तकासोबत ध्वनिमुद्रण नसेल तर माझ्या मते ते पुस्तक दुसरं म्हणून घ्यावं, पहिलं म्हणून नाही.

किरकोळ वस्तूंत ट्यूनर, जाडसर नख्या (साधारण एक मिलिमीटर) आणि हलक्या तारांचा एक जादा संच. तारांच्या टोकाला फास असतो की गोळी, हे आपल्या वाद्यावर आधी पाहून घ्या, नाहीतर संच परत करायची पाळी येते. तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका. बहुतेक मँडोलिनची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) चिकटवलेली नसते, नुसती तारांच्या दाबाने उभी असते. ती सरकली की बाराव्या पडद्यावरचा सा आणि मोकळ्या तारेचा सा एकमेकांशी बोलत नाहीत.

शहरात मँडोलिनचे शिक्षक शोधूनही सापडले नाहीत तर डाव्या हातासाठी व्हायोलिनच्या शिक्षकांना विचारा. उजव्या हाताचं काम व्हिडिओवरच भागवावं लागेल.