ओहोळ आटल्यावरही: मुंबईत सेवाकार्य सुरू करणाऱ्यांसाठी

‘ताई, देवाच्या सेवेची हाक आली आहे. नोकरी सोडू का?’ असं विचारणारे तरुण आमच्याकडे वरचेवर येतात. कुणी भायखळ्याच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला असतो, कुणी अंबरनाथचा, कुणी नगरहून शिकायला येऊन इथेच राहिलेला. भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत मी मुलांचा अभ्यासवर्ग आणि रविवारी उपासनेला जमणारी छोटी संगती चालवते. चहा पिता पिता या तरुणांना जे सांगते, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. देव विश्वासू आहे हे आपण साक्षीत म्हणतो, गाण्यांत म्हणतो, पण सेवाकार्य सुरू झालं की नकळत त्याचा अर्थ ‘माझी योजना पार पडेल’ असा घेऊ लागतो. देवाने शब्द दिला आहे तो माणसांना. आपल्या बॅनरला, हॉलला किंवा ठरवलेल्या तारखेला त्याने शब्द दिलेला नाही. हे सुरुवातीलाच मनात पक्कं बसलं, तर पहिल्या मोठ्या धक्क्यातही विश्वास टिकतो. नाही बसलं, तर हॉल गेला की देवही गेला असं वाटतं.

आता नोकरीचं. लगेच सोडू नका. विश्वास म्हणजे डोळे मिटून उडी मारणं, असं काही जण फार जोशात सांगतात. पण येशूचा प्रेषित पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता (प्रेषितांची कृत्ये १८), आणि बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करावा हे प्रभू येशूनेच सांगितलं आहे (लूक १४:२८). मुंबईत घरभाडं दर महिन्याला दारात उभं राहतं. ज्याचं भाडं रविवारच्या दानार्पणावर अवलंबून असतं, त्याला जास्त दान देणाऱ्या माणसाला चार खडे बोल सुनावणं जड जातं. हे मी चांगल्या, प्रामाणिक सेवकांच्या बाबतीत पाहिलं आहे, म्हणून कळकळीने सांगते. आमच्याकडे ह्यांच्या पगारावर घर चालायचं आणि मी सकाळी शिकवण्या घ्यायचे. त्यामुळे दुपारचा वर्ग कुणाच्याही दडपणाशिवाय सुरू करता आला. नोकरी सोडायची वेळ येते तेव्हा ती तुमच्याबरोबर तुमच्या नवऱ्याला किंवा बायकोला, पाळकांना (पास्टरांना) आणि दोन-तीन जाणत्या विश्वासणाऱ्यांनाही दिसते. एकट्यालाच दिसत असेल तर थांबा.

पाळकांचा विषय निघालाच आहे, तर मंडळीशी भांडून बाहेर पडून काम सुरू करू नका. ज्या मंडळीने तुम्हाला वाढवलं, तिने हात ठेवून, प्रार्थना करून पाठवावं. पुढे अडचण आली की मध्यस्थी प्रार्थना करणारे तेच असतात, आणि चुकीच्या वाटेला लागलात तर कान धरणारेही तेच.

जागा हा मुंबईतला सगळ्यात अवघड धडा. डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, सोसायटीची हरकत, शेजाऱ्यांची कुरबुर, सगळं आलंच. उपासनेसाठी घर भाड्याने घेत असाल तर घरमालकाला खरं कारण आधी सांगा. ‘फॅमिली राहणार आहे’ म्हणून जागा घ्यायची आणि रविवारी तीस माणसं जमवायची, ही सुवार्तेची, म्हणजे येशूच्या शुभवार्तेची, सुरुवात होऊ शकत नाही. आवाज बेताचा ठेवा. स्पीकर नसला तरी स्तुती होते. वेळ ठरवताना मेगाब्लॉक ध्यानात घ्या. रविवारी सकाळी उशिरा मध्य रेल्वेवर ब्लॉक सुरू झाला की कळवा, डोंबिवलीहून येणारी माणसं अडकतात. म्हणून आमची उपासना साडेआठला सुरू होते आणि साडेदहाला सगळे स्टेशनच्या वाटेला लागलेले असतात. संगती टिकवायला अशा साध्या गोष्टींचाही हातभार लागतो.

आमचा वर्ग बरीच वर्षं एका शाळेच्या खोलीत भरायचा. एका जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, खोली यापुढे मिळणार नाही असा निरोप आला. कारण विचारलं, ते नीट कळलं नाही. मुलं वह्या-पुस्तकं घेऊन आली होती, पाऊस सुरू होता, आणि आम्ही सगळे शाळेच्या भिंतीला चिकटून पत्र्याच्या पागोळ्यांखाली उभे. काय करावं सुचत नव्हतं. समोरच्या चाळीतल्या मावशी दारातून बघत होत्या. त्या आमच्या संगतीतल्या नाहीत. त्यांच्याकडे गणपती बसतो, आषाढीला त्यांची वारी ठरलेली. त्या म्हणाल्या, ‘पोरांचा अभ्यास कशाला बुडवतेस गं? वरची खोली रिकामीच आहे. या वर.’ बाहेरून लोखंडी शिडी, वर पत्रा, एका कोपऱ्यात गहू भरलेला पिंप आणि जुनं शिलाई मशीन. मोठ्या मुलांनी मशीन भिंतीला सरकवलं आणि त्याच्या फळीवर फळा टेकवून उभा केला. त्या दिवशी सहावीचे अपूर्णांक तिथेच शिकवून झाले.

घरी आल्यावर बायबलमधला १ राजे १७ पुन्हा वाचला. एलीया संदेष्ट्याला देवानेच करीथ ओहोळाकाठी पाठवलं होतं, आणि तो ओहोळ आटला. देवाने दाखवलेली जागा असूनही आटला. मग देवाने त्याला सारफथला एका विधवेकडे पाठवलं. ती इस्राएलातली नव्हती, परक्या मुलखातली होती. तिच्याजवळ मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडं तेल, एवढंच होतं. मी हा अध्याय लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकत आले. पण ओहोळ आटणं आणि विधवेचं दार उघडणं ही एकाच विश्वासूपणाची दोन पावलं आहेत, हे मला मावशींच्या शिडीवर उमगलं. गणपतीच्या दिवसांत त्यांचं घर पाहुण्यांनी भरतं, तेव्हा आम्ही वर्गाला सुट्टी देतो. भाडं त्यांनी कधी घेतलं नाही. विजेचं बिल मात्र आम्ही हट्टाने भरतो.

जागा बदलली म्हणजे हाक खोटी ठरली असं नाही. पंडिता रमाबाईंनी विधवा आणि मुलींसाठीची शाळा, शारदा सदन, ११ मार्च १८८९ रोजी इथेच, गिरगाव चौपाटीजवळ सुरू केलं, आणि दुसऱ्याच वर्षी ते पुण्याला हलवावं लागलं. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं आणि १८९६-९७च्या दुष्काळात तिथे शेकडो मुलींना आसरा मिळाला. पहिल्या वर्षानंतर मुंबई सोडताना केडगाव काही त्यांच्यासमोर नव्हतं.

आता पैशांविषयी. सेवाकार्यं बहुतेक वेळा इथेच मोडतात, आणि याविषयी मंडळीत मोकळेपणाने बोललं जात नाही. काही जण म्हणतात, देव पुरवतो, मग हिशोब कशाला? माझं उत्तर असं की देव पुरवतो म्हणूनच हिशोब हवा, कारण पैसा त्याचा आहे. यरुशलेमेच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी नेताना पौलाने बरोबर दुसरे बंधू घेतले, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८:२०-२१). पौलासारख्या प्रेषिताला ही काळजी घ्यावीशी वाटली.

आमच्याकडे उपासना संपली की महिला मंडळातल्या दोघी टेबलाशी बसतात. थैली दोघींसमोरच उघडते. घामाने ओलसर झालेल्या, चौपट दुमडलेल्या दहा-वीसच्या नोटा त्या एकेक उलगडून तळहाताने सपाट करतात, नाणी वेगळी रचतात, चिठ्ठीवर आकडा लिहून दोघी सही करतात. मग ती चिठ्ठी वहीत डकवली जाते. पाच रुपये असले तरी हेच. धुण्याभांड्याची कामं करून आलेल्या बाईने तिची नोट इतक्या जपून आणलेली असते, मग ती मोजणाऱ्यानेही तितकीच जपायला हवी. क्यूआर कोडने दान घेत असाल तर त्यावर संस्थेच्याच खात्याचं नाव हवं. पास्टरांचं नको, त्यांच्या मुलाचंही नको.

काम वाढू लागलं की विश्वस्त संस्था नोंदवा. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते. मुंबईचं कार्यालय वरळीला आहे. विश्वस्त निवडताना सगळे घरचेच घेऊ नका. नवरा-बायको आणि मेहुणा एवढेच विश्वस्त असले की अवघड प्रश्न कुणी विचारतच नाही. संस्थेचं पॅन कार्ड, बँकेतलं खातं, दरवर्षी ३१ मार्चनंतर हिशोबाची तपासणी, हे सुरुवातीपासून अंगवळणी पाडा. उपासनेचं काम आणि अभ्यासवर्गासारखं सर्वांसाठीचं काम यांचे हिशोब वेगळे ठेवा. देणगीदाराला देणगीवर मिळणारी आयकराची सवलत (जी ८०जी म्हणून ओळखली जाते) धर्मादाय कामासाठी असते, निव्वळ धार्मिक कामासाठी नसते. चांगला सीए गाठा आणि त्याची फी वेळेवर द्या.

परदेशातल्या पैशांबाबत फार सावध राहा. अमेरिकेतली एखादी मंडळी प्रेमाने काही पाठवू पाहते आणि तुम्ही स्वतःच्या बचत खात्याचा नंबर देता, हे कायद्यात बसत नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए, २०१०) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना संस्थेच्या कामासाठी परदेशी देणगी घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर असा पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. नोंदणी नसेल तर हात जोडून नाही म्हणा. पैशाची निकड असताना नाही म्हणणं हीसुद्धा देवावर भिस्त ठेवणंच आहे.

मदत देताना कसलीही अट नको. आमच्या वर्गात येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी वेगवेगळे देव आहेत, सण आहेत. वर्गात गणित, इंग्रजी, विज्ञान शिकवलं जातं आणि संगतीचं बोलावणं वर्गातून दिलं जात नाही. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने आपल्याला आपला धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, पण वहीच्या बदल्यात विश्वास मागणं हे सुवार्तेलाच धरून नाही. कुणी विचारलं की मी येशूविषयी मनापासून बोलते. विचारणारे विचारतातच.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा आमच्या संगतीतल्या अर्ध्याअधिक घरांची कमाई एका दिवसात थांबली. वर्ग बंद, उपासना फोनवर. त्या महिन्यांत तांदूळ, डाळ, तेल कुठून कुठून आलं. कधी नावही न सांगणाऱ्या माणसाने वाण्याकडे पैसे भरून ठेवलेले असायचे. पण त्याच काळात रिक्षा चालवणारा आमचा एक तरुण भाऊ गेला. त्याच्यासाठी सगळ्यांनी रात्ररात्र प्रार्थना केली होती. त्याच्या आईला देव विश्वासू आहे असं सांगायला माझी जीभ उचलली नाही. मी नुसती तिच्या शेजारी बसत राहिले. काही महिन्यांनी तिनेच संगतीत विलापगीताचा तिसरा अध्याय वाचायला मागितला, देवाची करुणा रोज सकाळी नवी होते तो, आणि स्वतः वाचला. नव्या सेवकांना माझं एवढंच सांगणं आहे की अशा घरात तयार उत्तरं घेऊन जाऊ नका. जा मात्र नक्की, आणि पुन्हा पुन्हा जा.

फळ किती दिवसांत दिसावं? हा प्रश्न हल्ली फार लवकर विचारला जातो, विशेषतः फोटो मागणाऱ्या देणगीदारांकडून. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जायचा हुकूम दिला होता. ते राहिले, मराठी शिकले, शाळा काढल्या, भाषांतराला बसले. तेरा वर्षांत मोठी मंडळी काही उभी राहिली नाही. मार्च १८२६ मध्ये नाशिककडून परतताना वाटेत पटकीने त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मुंबईत मराठी नवा करार छापून पूर्ण झाला. आमच्या आजी-पणज्यांच्या हातात मराठी शास्त्र आलं, त्यामागे अशा माणसांचे कष्ट आहेत. त्यांच्या अहवालात दाखवण्यासारखा आकडा नव्हता.

घराकडेही बघा. पाळकांची मुलं मंडळीवर चिडून मोठी झालेली मी पाहिली आहेत. बाप सगळ्यांच्या घरी प्रार्थनेला जातो आणि आपल्या घरी फक्त झोपायला येतो, मग दुसरं काय होणार? आम्ही सोमवार घरासाठी राखला आहे. त्या दिवशी फोन ह्यांच्याकडे असतो आणि कुणी अगदी दवाखान्यात असल्याशिवाय ते मला देत नाहीत.

आणि शेवटी, काम दुसऱ्याच्या हाती द्यायची तयारी पहिल्या वर्षापासून करा. मावशींच्या खोलीत अपूर्णांक शिकलेली एक मुलगी आता बी.एड. करते आणि संध्याकाळचा सातवी-आठवीचा वर्ग तीच घेते. मुलांना ती माझ्यापेक्षा जास्त आवडते आणि त्यांच्या आयांना तिचं बोलणं जास्त पटतं. या वर्षी तिला विश्वस्त मंडळावर घेतलं. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यावा लागतो, तोही दिला. आता बँकेत माझ्याऐवजी तिची सही चालेल. पुढच्या जूनला कुठले वर्ग घ्यायचे, कुणाला बोलवायचं, हे तीच ठरवते आहे. दहावीचा वर्गही सुरू करायचा तिचा विचार आहे. त्यासाठी तिला विज्ञान शिकवणारं कुणीतरी हवं आहे, आणि त्याच्यासाठी सध्या आमची प्रार्थना चालू आहे.