चाकं आणि पाय दोन्ही असलेला चौपायी रोबो घरी कसा बांधावा

सपाट फरशीवर चाकाला तोड नाही. पायरी आली की मात्र पायच लागतात. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात ॲनिमल (ANYmal) या चौपायी रोबोच्या पायांना म्हणूनच चाकं बसवली गेली. बॉन विद्यापीठाचा मोमारो रोबो २०१५ च्या डार्पा रोबोटिक्स चॅलेंजमध्ये, म्हणजे अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या रोबो स्पर्धेत, अशाच चाकं लावलेल्या चार पायांवर चौथा आला. टेबलावर मावेल एवढा रोबो आपल्यालाही बांधता येतो.

१. आधी हिशेब, मग खरेदी. प्रत्येक पायाला खुब्यात एक आणि गुडघ्यात एक सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी मोटर), टोकाला गिअर मोटर आणि चाक. म्हणजे आठ सर्व्हो, चार मोटर. रोबो १.२ किलोचा धरा. एक पाय उचलला की बहुतेक भार तिरक्या जोडीवर येतो, पायागणिक सुमारे ६०० ग्रॅम. गुडघ्यापासून चाक आडवं ६ सेंमी दूर असेल तर ३.६ किलो-सेंमी (वजन गुणिले अंतर) जोर लागतो. त्याच्या दुप्पट ताकदीचा सर्व्हो घ्या. छोटा निळा एसजी-९० इथे पुरत नाही, एमजी९९६आर पुरतो.

२. वीज वेगळी ठेवा. रोबोचा मेंदू म्हणजे ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड. सर्व्होंना त्यावरून वीज देऊ नका. ते अडकले की प्रत्येकी दोन-अडीच अँपिअर ओढतात आणि बोर्ड रीसेट होतो. त्यांना स्वतंत्र ६ व्होल्टचा पुरवठा द्या, फक्त ग्राउंड (ऋण तारा) एकत्र जोडा. सिग्नलसाठी अनेक सर्व्हो एकदम चालवणारा पीसीए९६८५ बोर्ड सोयीचा.

३. आधी गाडी म्हणून चालवा. पाय स्थिर ठेवून पुढे-मागे न्या. वळताना चाकं घासतात. तेव्हा पुढची-मागची चाकं पोटाखाली जवळ ओढा, घासणं कमी होतं. साध्या गाडीला हे जमत नाही, मला या रचनेतलं सर्वांत आवडतं ते हेच.

४. पाय उचलणं. सगळी मेहनत इथेच आहे. पुढचा डावा पाय उचलायचा तर बाकीची तीन चाकं जमिनीवर त्रिकोण करतात आणि रोबोचा गुरुत्वमध्य त्या त्रिकोणात यायला हवा. त्यासाठी धड २-३ सेंमी मागे सरकवा. ते करण्याआधी तिन्ही चाकांना ब्रेक लावा. नाहीतर धड ढकलताना चाकंच घरंगळतात आणि रोबो तोंडावर आपटतो. चाकांच्या मोटर चालवणाऱ्या टीबी६६१२ ड्रायव्हर बोर्डमध्ये मोटरच्या दोन्ही इनपुट पिन एकदम हाय केल्या (दोन्हींना चालू सिग्नल दिला) की ब्रेक लागतो. चालणाऱ्या रोबोंचे तयार कोड वापरताना हीच ओळ राहून जाते, कारण त्यांच्या पावलांना चाकं नसतात.

५. पायरी. चाक ६.५ सेंमी व्यासाचं असेल तर ४ सेंमी जाडीचं पुस्तक ठेवा. त्रिज्येपेक्षा उंच कडा चाक एकट्याने सहसा चढत नाही. पुस्तकाला पुढची चाकं टेकवा, ब्रेक, धड मागे, एक पुढचा पाय वर, मग दुसरा. आता ब्रेक सोडून चारही चाकं हळू फिरवा. मागची चाकं कडेला टेकली की पुन्हा ब्रेक लावा, धड पुढे झुकवा आणि मागचे पाय एकेक करून वर घ्या. पहिले काही दिवस हात रोबोखाली धरूनच हे करा.