लग्नाच्या जुन्या डीव्हीडींची प्रत: लिनक्सवर विंडोजचा डीव्हीडी श्रिंक कसा वापरावा

आमच्याकडे चुलतबहिणीच्या लग्नाच्या दोन डीव्हीडी आहेत. गेल्या दिवाळीत सगळे जमले असताना दुसरी डिस्क लावली. सप्तपदीपर्यंत सारे नीट चालले. पाठवणीच्या वेळी मात्र चित्रात चौकोन पडू लागले आणि थोड्या वेळाने प्लेयर एका जागी अडकला. पाठवणीच्या त्या भागात आजी बहिणीची ओटी भरताना तिच्याशी हळू आवाजात बोलते आहे, आणि आजीचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेही नाही. डिस्क बिघडते ती बहुधा अशीच, शेवटाकडून. एकपदरी, म्हणजे मजकुराचा एकच थर असलेल्या डीव्हीडीवरील मजकूर मध्याकडून कडेकडे लिहिलेला असतो, त्यामुळे समारंभाचा शेवट डिस्कच्या बाहेरच्या कडेशी येतो, आणि बोटांचे ठसे, ओरखडे व ओलावा यांचा त्रास सर्वांत आधी याच कडेला पोचतो.

ज्यांच्या संगणकावर लिनक्स आहे आणि ज्यांना अशा घरगुती डिस्कची प्रत काढून ठेवायची आहे, त्यांच्यासाठी ही कृती लिहिली आहे. तिच्यात डीव्हीडी श्रिंक हा डीव्हीडीचा आकार कमी करणारा, विंडोजसाठी तयार झालेला प्रोग्रॅम वाइनच्या मदतीने लिनक्सवर चालवायचा आहे. वाइनचे काम १९९३ पासून चालू आहे. वाइन म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक नव्हे. विंडोजच्या प्रोग्रॅमने विंडोजकडे केलेली मागणी ऐकून ती लिनक्सच्या भाषेत पुढे पोचवणारा तो दुभाषा आहे. त्यामुळे विंडोजचा परवाना किंवा हार्ड डिस्कवर विंडोजसाठी वेगळे विभाजन यांची गरज पडत नाही, आणि जुन्या, साध्या बांधणीच्या प्रोग्रॅमांशी वाइनचे चांगले जमते.

एक मर्यादा आधीच स्पष्ट केलेली बरी. बाजारातील चित्रपटांच्या डिस्कवर बहुधा सीएसएस हे कुलूप असते, आणि भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंतची कैद आणि दंड सांगते. येथील कृती लग्न, मुंज, साखरपुडा, शाळेचे गॅदरिंग अशा आपल्याच समारंभांच्या, कुलूप नसलेल्या डिस्कपुरती आहे.

माझ्या मते या कामात एक नियम मोडू नये: पहिली प्रत डिस्क आहे तशीच, एकही बाइट न बदलता घ्यावी, आणि ती लिनक्सच्याच साधनाने घ्यावी. विंडोजचा प्रोग्रॅम त्यानंतर, दुसऱ्या प्रतीसाठी वापरावा. श्रिंक नावाप्रमाणे आकार कमी करतो, आणि आकार कमी करताना चित्रातील जो तपशील गळतो तो पुन्हा मिळत नाही. मूळ प्रत सुरक्षित असली की दुसऱ्या प्रतीवर हवी तशी कात्री चालवता येते.

सुरुवात डिस्क पुसण्यापासून करावी. सुती, मऊ, कोरडे कापड घेऊन मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल फिरवून पुसू नये, कारण तसे करताना पडलेला ओरखडा मजकुराच्या वाटेनेच धावतो आणि वाचणाऱ्या लेसरला तो ओलांडणे कठीण जाते. डिस्कवर कागदी लेबल चिकटवलेले असेल तर ते ओढून काढण्याचा मोह टाळावा. डीव्हीडी ही सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली असते, मजकुराचा थर त्यांच्या मध्ये असतो, आणि लेबल उपटताना या दोन चकत्या सुटू शकतात.

उबंटू या लिनक्सच्या प्रचलित प्रकारात ‘डिस्क्स’ नावाचे साधन आधीपासूनच असते. ते उघडून डाव्या यादीतील डीव्हीडी ड्राइव्ह निवडावा आणि मेनूतून डिस्कची इमेज तयार करण्याचा पर्याय घ्यावा. तयार होणारी आयएसओ फाइल ही संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल असते. एकपदरी डिस्क ४.७ जीबीची आणि दुपदरी ८.५ जीबीची असते, त्यामुळे हार्ड डिस्कवर तेवढी जागा आधीच मोकळी करून ठेवावी. फाइल पेनड्राइव्हवर न्यायची असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला नाही याची खात्री करावी, कारण त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही.

डिस्क मध्येच अडखळली तर तेच साधन पुन्हा पुन्हा चालवत बसू नये. अशा वेळी ग्नू डीडीरेस्क्यू हा टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्रॅम घ्यावा. तो आधी चांगला भाग भराभर वाचून घेतो आणि अडलेल्या जागी नंतर परत येतो. त्याला सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरील मजकुराच्या सर्वांत छोट्या तुकड्याचा आकार २०४८ बाइट असा सांगावा आणि इमेज फाइलबरोबर मॅप फाइलचेही नाव द्यावे. वाचलेल्या आणि न वाचलेल्या जागांची नोंद या मॅप फाइलमध्ये राहते, त्यामुळे काम आज थांबवून उद्या पुढे नेता येते. त्याहून मोठी सोय अशी, की तीच डिस्क दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून तीच इमेज व तीच मॅप फाइल दिली, तर फक्त राहिलेल्या जागा वाचल्या जातात. आमच्या डिस्कचा शेवटचा भाग माझ्या ड्राइव्हने नाकारला होता. शेजाऱ्यांच्या जुन्या डेस्कटॉपमधील ड्राइव्हने रात्रभरात त्यातले बहुतेक सारे वाचले. ओटी भरण्याचे दृश्य आता दोन ठिकाणी किंचित अडखळते, पण आजीचा आवाज पूर्ण ऐकू येतो.

पहिली प्रत हाती आल्यावर वाइनकडे वळावे. आपल्या लिनक्सच्या सॉफ्टवेअर भांडारातून वाइन बसवताना त्याचा ३२-बिट, म्हणजे जुन्या बांधणीच्या प्रोग्रॅमांसाठीचा भागही घ्यावा, कारण श्रिंक हा २००४ साली शेवटची आवृत्ती आलेला ३२-बिट प्रोग्रॅम आहे. तो प्रथमपासून मोफत आहे. त्याच्यासाठी पैसे मागणारे किंवा त्याच्यासोबत भलतेच काही बसवू पाहणारे ठिकाण टाळावे. येथे लिनक्सच्या भरवशावर निर्धास्त राहणे बरे नव्हे. वाइन आपल्या फाइलींपुढे भिंत उभी करत नाही, उलट झेड या अक्षराने ते संपूर्ण फाइलव्यवस्था विंडोजच्या प्रोग्रॅमला दाखवते. म्हणून वाइनची सेटिंग उघडून ड्राइव्हच्या पानावर झेड काढून टाकावा आणि डी हे अक्षर केवळ या कामासाठी केलेल्या फोल्डरला जोडावे. प्रोग्रॅमला आपले घर दिसण्याची गरज नाही, कामाची खोली दिसली की पुरे. त्या फोल्डरचे नाव मात्र रोमन लिपीत ठेवावे. त्या काळातील अनेक विंडोज प्रोग्रॅमांना युनिकोड ही सर्व लिप्यांची अक्षरे लिहिण्याची पद्धत कळत नाही, आणि देवनागरीतील नावांच्या जागी त्यांना नुसती प्रश्नचिन्हे दिसतात.

आता आयएसओ फाइलवर दोनदा क्लिक करून ती उघडावी आणि तिच्यातील व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर कामाच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यावा. त्यात चित्र आणि आवाज धरणाऱ्या, प्रत्येकी १ जीबीपर्यंतच्या व्हीओबी फाइली असतात, कोणता भाग कोठे सुरू होतो हे सांगणाऱ्या छोट्या आयएफओ फाइली असतात आणि आयएफओंच्या राखीव प्रती असलेल्या बीयूपी फाइली असतात. त्यांची नावे बदलू नयेत. श्रिंकला थेट ड्राइव्हमधून डिस्क वाचायला लावण्यापेक्षा हा मार्ग चांगला आहे, कारण वाइनमधून ड्राइव्हशी बोलताना येणाऱ्या अडचणी येथे उद्भवतच नाहीत.

श्रिंकमध्ये ‘ओपन फाइल्स’ निवडून डी ड्राइव्हवरील हा फोल्डर दाखवावा. उघडल्यावर पूर्वदृश्याच्या चौकटीपाशी प्रोग्रॅम गोठला, तर प्रेफरन्सेसमध्ये जाऊन प्रीव्ह्यू बंद करावा. प्रत काढण्यासाठी त्याची गरज नसते. तेथेच निरो या विंडोजच्या बर्निंग प्रोग्रॅमशी असलेला दुवाही बंद करावा आणि लक्ष्य आकार डीव्हीडी-५ म्हणजे ४.७ जीबी आहे हे पाहून घ्यावे. श्रिंक १०२४ च्या पटीने मोजतो, त्यामुळे त्याच्या हिशेबात हाच आकार सुमारे ४.३८ दिसतो, त्याने गोंधळून जाऊ नये.

श्रिंकचे खरे मोल ‘री-ऑथर’ या पद्धतीत आहे. आमच्या दोन्ही डिस्क जवळपास भरलेल्या होत्या. गावी काकांकडे टीव्हीला जोडलेला डीव्हीडी प्लेयर अजून चालू आहे आणि त्यांना एकच डिस्क हवी होती. दोन भरलेल्या डिस्क एकीत कोंबल्या तर चित्र निम्म्यावर येते, आणि माझ्या डोळ्यांना ७० टक्क्यांच्या खाली गेलेले चित्र पुसट वाटू लागते. शालूची जर आणि होमाचा धूर येथे हा फरक आधी दिसतो. म्हणून दाबण्यापेक्षा वगळणे बरे. री-ऑथरमध्ये पहिल्या डिस्कचा मुख्य भाग ओढून डाव्या यादीत आणावा, मग दुसऱ्या डिस्कचा फोल्डर उघडून तिचा भागही त्याच यादीत घ्यावा. प्रत्येक भागाची पहिली आणि शेवटची चौकट ठरवता येते, त्यामुळे सुरुवातीची दुकानाची जाहिरात आणि स्वागत समारंभात स्टेजवर रांगेने येऊन फोटो काढून जाणाऱ्या पाहुण्यांचा तास मी या प्रतीतून वगळला. पूर्ण प्रत घरी आहे, म्हणूनच हे करायला मन धजले. या पद्धतीत मेनू राहत नाही आणि सारे भाग एकापाठोपाठ चालतात. काकांना तेच सोयीचे पडले.

पुढे ‘बॅकअप’ दाबून लक्ष्य म्हणून आयएसओ फाइल निवडावी आणि गुणवत्तेच्या पानावर ‘डीप ॲनालिसिस’ला खूण करावी. वेळ जास्त लागतो, पण घाई असलेले आणि शांत असलेले प्रसंग ओळखून श्रिंक जागेची वाटणी अधिक नीट करतो. तो चित्र पूर्ण उलगडून पुन्हा नव्याने बांधत नाही, एमपेग-२ या डीव्हीडीवरील चित्राच्या पद्धतीतच राहून बारकावे कमी करतो, त्यामुळे बेतशीर संगणकावरही काम आटोक्यात राहते. केवळ मोबाइलवर पाहण्यासाठी फाइल हवी असेल तर श्रिंकची गरज नाही. लिनक्सवर थेट चालणारा हँडब्रेक मूळ आयएसओवरून ती करून देतो.

तयार आयएसओ आधी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये लावून सुरुवात, मध्य आणि शेवट पाहावा. विशेषतः दोन भाग जुळतात ती जागा. मग के३बी किंवा ब्रासेरो या लिनक्सच्या बर्निंग प्रोग्रॅममधून ती बर्न करावी. फाइल म्हणून डिस्कवर टाकू नये, इमेज म्हणून लिहावी, नाहीतर प्लेयरला आत केवळ एक अनोळखी फाइल दिसते. वेग मधला ठेवावा आणि लिहून झाल्यावर पडताळणीचा पर्याय चालू ठेवावा. नाव लिहायला डिस्कसाठीचा मऊ टोकाचा मार्कर घ्यावा, बॉलपेन नको.

मूळ, अस्पर्श आयएसओ दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, शक्य तर दोन वेगळ्या घरांत. तिच्याजवळ डीडीरेस्क्यूची मॅप फाइलही जपावी, आणि जुनी डिस्क टाकून देऊ नये. आमच्या डिस्कवरचे जे थोडे सेक्टर अजून वाचले गेले नाहीत, त्यांची यादी त्या मॅप फाइलमध्ये आहे. आणखी एखादा चांगला ड्राइव्ह मिळाला की पाठवणीच्या त्या दोन अडखळत्या जागांपासूनच पुढचे काम सुरू करता येईल.