नेत्याच्या वादग्रस्त विधानाची बातमी कशी तपासावी

मथळा बाजूला ठेवा आणि मूळ भाषणाचा व्हिडिओ शोधा. वीस सेकंदांची क्लिप चालणार नाही.

मग वेगवेगळ्या मालकीची तीन वर्तमानपत्रं घ्या. एकच विधान कुठे ‘मुक्ताफळे’ ठरतं, कुठे ‘टोला’. मालकी ठाऊक हवीच: ‘सामना’ शिवसेनेचं (२०२२ च्या फुटीनंतर ठाकरे गटाचं) मुखपत्र, ‘सकाळ’ पवार कुटुंबाकडे, तर ‘लोकमत’च्या दर्डा कुटुंबातले राजेंद्र दर्डा २०१३ मध्ये राज्यात मंत्री होते.

‘दोन्ही बाजू वाचा, सत्य मधे सापडतं’ हा सल्ला मात्र मला अजिबात मान्य नाही. अवघड काम संदर्भाचं आहे, आणि तिथेच बहुतेक जण फसतात. ‘विधानाचा विपर्यास झाला’ असं नेत्याने म्हटलं की संदर्भ कळताच तो सुटणार, असं आपण धरून चालतो. असं धरू नका.

एप्रिल २०१३, दुष्काळाचा उन्हाळा. उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या सभेत म्हणाले, धरणात पाणीच नाही तर आता तिथे लघवी करायची का, अशा अर्थाचं. नुसतं एवढंच ऐकलं तर तो गावरान वैताग वाटतो. आता आधीचं बोलणं ऐका. रोख होता सोलापूरच्या एका शेतकऱ्यावर, जो उजनी धरणाचं पाणी सोडा म्हणून आझाद मैदानावर कित्येक दिवस उपोषणाला बसला होता. शिवाय इंदापूर तालुका उजनीच्याच फुगवट्यावर आहे. म्हणजे उपोषणाची टर उडवली, तीही त्याच पाण्याच्या दुसऱ्या दावेदारांपुढे. संदर्भ जोडला की विधान जास्तच बोचतं. म्हणून दर वेळी दोनच गोष्टी कागदावर लिहा: कोणाबद्दल बोलले आणि कोणापुढे बोलले. यातली एक जरी बातमीत नसेल, तर ती बातमी अर्धवट आहे, मग ती नेत्यावर कितीही तुटून पडलेली असो.

त्यानंतर काय गाळलं ते पाहा. चॅनेलवर तासभर शिवराळपणाची चर्चा आणि उजनीत साठा किती, वरच्या धरणांतून पाणी का सुटत नाही, यावर अवाक्षर नाही? अशी टीका नेत्याच्याच पथ्यावर पडते.

माफीच्या बातमीलाही हीच चाळणी लावा. पवारांनी माफी मागितली, १४ एप्रिलला कराडमध्ये यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी आत्मक्लेश उपोषण केलं. त्या दिवसाच्या बातम्या काढा आणि उजनीच्या पाण्याबद्दल त्यांत किती ओळी आहेत, ते मोजा.